मनोरा नसलेलं चर्च

ग्लासगो शहरात क्लाइड नदीवर पादचाऱ्यांसाठी एक जुना झुलता पूल आहे. दक्षिण काठावरून त्यावर चढलं, की पलीकडच्या काठावरच्या इमारतींच्या रांगेत एक दगडी दर्शनी भिंत वेगळी उठून दिसते. टोकदार कमानीच्या उंच खिडक्या, दोन्ही कडांना बहुकोनी बुरूज, बुरुजांच्या माथ्यावर दगडी सुळके आणि वरच्या कोनाड्यात उभी असलेली संत अँड्र्यूची मूर्ती. शेजारच्या आधुनिक इमारती तिच्यापुढे कालच्या वाटतात. हे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, ग्लासगोच्या कॅथलिक आर्चबिशपचं मुख्य चर्च. २२ डिसेंबर १८१६ या दिवशी त्याचे दरवाजे पहिल्यांदा उघडले.

पाहणाऱ्याला थोड्या वेळाने जाणवतं, की या चर्चला काहीतरी कमी आहे. स्कॉटलंडमध्ये गाव कितीही लहान असो, लांबून आधी दिसतो तो चर्चचा मनोरा. इथे तो नाही. घंटाघरही नाही. दर्शनी भिंत छातीठोकपणे नदीकडे तोंड करून उभी आहे, पण सुळक्यांच्या वर काहीच जात नाही.

पैसे संपले म्हणून मनोरा राहून गेला, असं झालेलं नाही. त्या काळी कॅथलिकांनी प्रार्थनास्थळ बांधावं, पण ते फार नजरेत भरू देऊ नये, अशी अपेक्षा होती. इंग्लंडच्या १७९१ च्या कायद्याने तर मनोरा आणि घंटा असलेल्या कॅथलिक चॅपलला संरक्षणच नाकारलं होतं. स्कॉटलंडमधल्या कॅथलिकांनाही आपली पायरी ठाऊक होती. ग्लासगोच्या बोलीत आजही ही खूण सापडते. प्रोटेस्टंट माणूस ‘कर्क’मध्ये जातो आणि कॅथलिक माणूस ‘चॅपल’मध्ये, मग ते चॅपल केवढंही मोठं असो.

ही पायरी कुठून आली, हे समजायला १५६० पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने पोपची सत्ता झुगारली आणि मिस्सा या कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. देश प्रेस्बिटेरियन झाला, म्हणजे बिशपांऐवजी निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभांनी चालणारा प्रोटेस्टंट पंथ तिथे रुजला. मुंबईकरांना हा पंथ अगदीच अनोळखी नाही. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते डॉ. जॉन विल्सन याच परंपरेतले मिशनरी. काळा घोड्याजवळचं, १८१९ मधलं सेंट अँड्र्यूज हे मुंबईतल्या स्कॉट प्रेस्बिटेरियनांनी बांधलेलं कर्क. क्लाइडकाठचं चर्च आणि ते, दोन्ही एकाच दशकातली आणि एकाच संताच्या नावाची. फरक एवढाच, की मुंबईतल्या कर्कला मनोरा आहे.

ग्लासगोचं मध्ययुगीन कॅथीड्रल १५६० च्या धर्मसुधारणेच्या वादळातून वाचलं, पण ते प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. कॅथलिकांकडे काहीच उरलं नाही. १० मार्च १६१५ रोजी जॉन ओगिल्वी नावाच्या जेझुइट धर्मगुरूला ग्लासगो क्रॉस या भर चौकात फाशी दिलं गेलं. धर्माच्या बाबतीत राजाचा अधिकार मानायला त्याने नकार दिला होता. १९७६ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. तो चौक सेंट अँड्र्यूजपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं स्कॉटलंडचा कॅथलिक धर्म दोन ठिकाणी टिकून राहिला. एक म्हणजे पश्चिमेकडची डोंगराळ हायलँड्स आणि तिथली बेटं, दुसरं म्हणजे ईशान्येच्या बॅन्फशायरमधला एन्झी नावाचा छोटा मुलूख. एन्झीतल्या टायनेट या ठिकाणी १७५५ मध्ये उभं राहिलेलं एक चर्च आजही आहे. लांबट, बुटकं, पांढऱ्या भिंतींचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की हा मेंढ्यांचा गोठा. तसंच वाटावं म्हणून ते तसं बांधलं होतं! आधी एका गरीब बाईसाठी खोली बांधल्याचं दाखवलं गेलं, मग मेंढ्यांसाठी म्हणून ती वाढवली गेली आणि आत मिस्सा सुरू झाली. पुढे काही दशकांनी तिच्या आढ्याच्या टोकावर एक दगडी गोळा बसवला. सजावट म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमधल्या कॅथलिकांनी आपल्या प्रार्थनास्थळावर बाहेरून दिसेल असं काही चढवलं त्याचा आरंभ या गोळ्यापासून धरतात.

याच एन्झीत १७७२ मध्ये अँड्र्यू स्कॉट जन्मला. देवाचं घर गोठ्याच्या वेषात लपलेलं असतं, हे त्याने जन्मगावाच्या आसपासच पाहिलं असणार. क्लाइडकाठची ती दर्शनी भिंत उभी करणारा धर्मगुरू तो हाच.

स्कॉट सात वर्षांचा असताना जे घडलं तेही ध्यानात घ्यायला हवं. १७७८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलिकांवरची काही बंधनं सैल झाली आणि स्कॉटलंडलाही तशीच सवलत मिळणार अशी हवा पसरली. लोक पेटले. २ फेब्रुवारी १७७९ रोजी एडिंबरामध्ये बिशप जॉर्ज हे यांचं नवं घर, ज्यात चॅपलही होतं, जमावाने जाळलं. बिशप नेमके त्याच दिवशी लंडनहून परतत होते. गर्दी कसली म्हणून त्यांनी रस्त्यातल्या एका बाईला विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, की कॅथलिक चॅपल जळतंय, बिशप हाती लागला असता तर त्यालाही आगीत टाकलं असतं. आपण कोणाशी बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. स्कॉटलंडच्या कॅथलिकांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच महिन्यात ग्लासगोत रॉबर्ट बॅग्नल नावाच्या कॅथलिक कुंभाराचं घर आणि मातीच्या भांड्यांचं दुकान उद्ध्वस्त झालं. सवलतीचा विचार सरकारने गुंडाळून ठेवला. ती मिळायला १७९३ उजाडलं.

तोवर ग्लासगो बदलू लागलं होतं, आणि बदलत होतं ते कापसामुळे. गिरण्यांना हात हवे होते. हायलँड्समध्ये जमीनदार मेंढ्यांसाठी जमिनी मोकळ्या करत होते आणि माणसं हुसकली जात होती. १७९२ च्या सुमारास अलेक्झांडर मॅकडॉनेल या तरुण धर्मगुरूने ग्लासगोच्या कारखानदारांशी बोलणी करून आपल्या शेकडो माणसांना गिरण्यांत काम मिळवून दिलं. गेलिक बोलणारी ही माणसं कॅथलिक होती. ज्या शहरात तेरा वर्षांपूर्वी कुंभाराचं घर फुटलं, त्याच शहराला आता हे लोक हवे होते. मालकांच्या गरजेने जे केलं ते सहिष्णुतेच्या उपदेशांना जमलं नव्हतं. त्यांच्यामागून आयर्लंडहून माणसं येऊ लागली. हातमागावर बसणारी, गोदीत ओझी वाहणारी, कालवे खणणारी. गॅलोगेटजवळ कॅल्टनमध्ये एक साधं चॅपल उभं राहिलं, आणि ते लवकरच अपुरं पडू लागलं.

अँड्र्यू स्कॉट ग्लासगोत आला १८०५ मध्ये. पुढे तो बिशप झाला आणि १८४६ मध्ये वारला. इतकी वर्षं त्याने मुख्यतः एकच काम केलं. वाढत्या, दरिद्री, परक्या ठरलेल्या लोकांना या शहरात पाय रोवायला जागा मिळवून दिली. त्याने चर्चसाठी निवडलेली जागा पाहिली तरी या माणसाची जिद्द कळते. गल्लीबोळातली, मागच्या अंगणातली जागा त्याने घेतली नाही. नदीकाठचा हमरस्ता घेतला. पश्चिमेला थोड्याच अंतरावर ब्रूमिलॉ धक्का होता. पुढच्या काळात आयर्लंडहून येणाऱ्या आगबोटी याच धक्क्याला लागल्या. टोपलीभर सामान घेऊन उतरलेल्या माणसाला चर्च शोधत फिरावं लागत नव्हतं.

अशा जागेवर गोठा शोभला नसता. स्कॉटला वास्तुकार हवा होता, आणि तो त्याने उत्तम निवडला.

जेम्स गिलेस्पीचा जन्म १७७६ चा, डनब्लेन गावचा. त्याची सुरुवात सुतारकामातून झाली. स्काय बेटावर लॉर्ड मॅकडोनाल्ड यांच्या बांधकामांवर देखरेख करताना तो शिकत गेला आणि तिथून वर चढला. नकाशा काढणारा आणि लाकूड तासणारा यांच्यातली भिंत तेव्हा आजच्याइतकी जाड नव्हती. चौकट कशी बसते, छपराचा भार कुठे उतरतो, गिलाव्याखाली काय दडवता येतं, हे त्याला हातांनी माहीत होतं. चाळिशीच्या आत तो स्कॉटलंडच्या जमीनदारांचा आवडता झाला. बुरूज, कंगोरे आणि टोकदार खिडक्यांचे गढीसारखे वाडे ही त्याची खासियत. कल्डीज कॅसल, डन्स कॅसल, स्कायवरचा आर्माडेल कॅसल ही त्यातली काही नावं.

१८१५ मध्ये ऑर्चिलच्या ग्रॅहम घराण्याच्या वारसदार मुलीशी त्याचं लग्न झालं आणि त्याने सासरचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. म्हणजे सेंट अँड्र्यूजचं काम १८१४ मध्ये सुरू झालं ते जेम्स गिलेस्पीच्या हाताखाली आणि दोन वर्षांनी चर्च उघडलं ते जेम्स गिलेस्पी ग्रॅहमचं म्हणून. वास्तुकलेच्या इतिहासात तो याच लांब नावाने ओळखला जातो.

त्याच्या कामाचा पल्ला थक्क करणारा आहे. एडिंबरामध्ये मोरे प्लेस ही बारा बाजूंची, राजेशाही घरांची वसाहत १८२२ नंतर त्याच्याच आराखड्यावर उभी राहिली. तिथे टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीचा मागमूस नाही, सगळा ग्रीक-रोमन थाट. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडमधला हॅमिल्टन स्क्वेअर त्याचाच. एल्गिन शहरातलं घुमटाचं डॉ. ग्रेज हॉस्पिटलही त्याचंच. या हॉस्पिटलची एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावी. अलेक्झांडर ग्रे हा ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला शल्यविशारद. त्याने मृत्युपत्रात गावासाठी २०,००० पौंड ठेवले आणि त्यातून १८१९ मध्ये हे हॉस्पिटल सुरू झालं. स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या त्या सुंदर इमारतीच्या पायात हिंदुस्थानात कमावलेला पैसा आहे.

सेंट अँड्र्यूजच्या पायात कोणाचा पैसा आहे? कोणा जमीनदाराचा नाही. खर्च किमान १३,००० पौंड झाला आणि त्याचा मोठा भाग विणकर, गवंडी, हमाल आणि मोलकरणी यांच्या वर्गणीतून आला. दर आठवड्याला पेनी-पेनी गोळा होत होती. काळही कठीण होता. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई संपली, सैनिक घरी परतले, मागणी घसरली आणि हातमागाची मजुरी कोसळत गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूर इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याचे सूक्ष्म कण वातावरणात पसरल्यामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही आणि पिकं बुडाली. पाव महागला असताना, मजुरी घटली असताना या माणसांनी आठवड्याची पेनी चर्चसाठी बाजूला काढली.

बांधकामाला विरोध होणार हे ठरलेलंच होतं. दिवसा रचलेले थर रात्रीतून पाडले जात, त्यामुळे अखेर रात्रीचा पहारा बसवावा लागला, असं ग्लासगोत सांगितलं जातं. पण त्याच आठवणीचा दुसरा अर्धा भागही तितकाच खरा आहे आणि तो हल्ली कमी सांगितला जातो. शहरातल्या इतर ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्यांनी, त्यात प्रेस्बिटेरियनही होते, या चर्चसाठी पैसे दिले. जळालेल्या घरांच्या आणि फुटलेल्या मडक्यांच्या गोष्टी लवकर पसरतात. शेजाऱ्याने गुपचूप टाकलेल्या वर्गणीची गोष्ट मागे पडते. १७७९ ते १८१६ ही सदतीस वर्षं. एवढ्या काळात एका शहरात हे दोन्ही घडलं.

चर्च उघडल्यावर वाद थांबले नाहीत. विल्यम मॅकगॅव्हिन हा ग्लासगोचा व्यापारी १८१८ पासून ‘द प्रोटेस्टंट’ नावाची पत्रमालिका दर आठवड्याला प्रसिद्ध करू लागला. हे चर्च उभारताना स्कॉटने गरीब कामगारांकडून सक्तीने पैसे काढले, असा आरोप त्याने केला. स्कॉटने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८२१ मध्ये एडिंबराच्या ज्युरीसमोर तो चालला आणि स्कॉट जिंकला. एका कॅथलिक धर्मगुरूने स्कॉटलंडच्या न्यायालयात जाऊन प्रोटेस्टंट ज्युरीकडून न्याय मिळवणं, हे पंचवीस वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मॅकगॅव्हिनचं शहरातलं वजन त्यामुळे घटलं असं मात्र नाही. नेक्रोपोलिस या टेकडीवरच्या स्मशानभूमीत त्याचा पुतळा आजही उभा आहे.

चर्चच्या आत गेलं, की बाहेरचा रुबाब विसरायला होतं. बारीक दगडी खांब जुड्या बांधल्यासारखे उभे आहेत आणि वर जाऊन त्यांच्यातून कमानी फुटतात. एका कमानीची रेघ दुसरीत मिसळते, तिथे छताला जाळीदार शिरा येतात. मध्ययुगीन कॅथीड्रलमध्ये अशा शिरा म्हणजे भार पेलणारे खरे दगड असतात. इथे वरचं छत गिलाव्याचं आहे. लाकडी सांगाडा, त्यावर चुना, आणि चुन्यावर साच्याने उमटवलेल्या शिरा. गिलेस्पी ग्रॅहमच्या हातातला सुतार इथे दिसतो. पेनी-पेनीने जमलेल्या पैशात दगडी छत परवडणारं नव्हतं. त्याने दगड लावला तो रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला, आणि आत उंची, उजेड आणि दगडाचा भास दिला. खोल्या भाड्याने घेऊन, पाठीला पाठ लावून मिस्सा ऐकलेल्या माणसांना या छताखाली पहिल्यांदा मान वर करावी लागली असेल. गिलाव्याचं गॉथिक म्हणून पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी नाकं मुरडली. त्या टीकेत कलेचं शास्त्र आहे, पण या चर्चला ती लावणं अन्यायाचं वाटतं.

अशी नाकं मुरडणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता ऑगस्टस वेल्बी प्यूजिन. गंमत म्हणजे तोच गिलेस्पी ग्रॅहमचा जिवलग सहकारी झाला.

प्यूजिन म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीतलं गॉथिक नक्षीकाम करणारा आणि ज्याला जग बिग बेन म्हणतं त्या मनोऱ्याचं रूप रेखणारा माणूस. १८३० मध्ये अठरा वर्षांचा प्यूजिन लीथ बंदराजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागला आणि एडिंबरामध्ये गिलेस्पी ग्रॅहमने त्याला आधार दिला. निघताना त्याने या मुलाला एक कंपास भेट दिला. प्यूजिनने तो जन्मभर जपला. पुढे जॉन रॉजर्स हर्बर्ट या चित्रकाराने त्याचं व्यक्तिचित्र काढलं, त्यात त्याच्या हातात कंपास आहे.

१८३५ मध्ये प्यूजिन कॅथलिक झाला. त्याच वर्षी पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी स्पर्धा जाहीर झाली आणि त्याने दोन प्रतिस्पर्ध्यांसाठी आराखडे रेखून दिले. एक होते चार्ल्स बॅरी आणि दुसरा गिलेस्पी ग्रॅहम. बॅरी जिंकले.

मग आली मनोऱ्याची पाळी. एडिंबरामध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी, रॉयल माइल या मुख्य रस्त्याच्या वरच्या टोकाला, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वार्षिक महासभेसाठी सभागृह आणि चर्च बांधायचं होतं. काम गिलेस्पी ग्रॅहमला मिळालं. आराखड्यांत, विशेषतः तपशिलांत, प्यूजिनची मदत होती. १८३९ ते १८४४ या काळात ते उभं राहिलं आणि त्यावर सुमारे ७३ मीटर उंचीचा, सुईसारखा निमुळता मनोरा चढला. एडिंबराच्या मध्यभागातलं ते सगळ्यात उंचावरचं टोक. ज्या प्रेस्बिटेरियन महासभेच्या वारशातून कॅथलिकांना मनोरे वर्ज्य झाले होते, तिच्या डोक्यावरचा कळस एका कॅथलिक तरुणाच्या पेन्सिलीतून उतरला आणि त्याचा वास्तुकार तोच होता ज्याने क्लाइडकाठी बिनमनोऱ्याचं चर्च बांधलं. कॅथलिकांची उरलीसुरली बहुतेक बंधनं १८२९ च्या कायद्याने दूर केली होती, पण सेंट अँड्र्यूजवर मनोरा चढला नाही. एडिंबराच्या त्या इमारतीला आज ‘द हब’ म्हणतात. १९९९ पासून एडिंबराच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं कार्यालय तिथे आहे.

प्यूजिनच्या लिखाणाने आणखी एका वास्तुकाराला जागं केलं, ही त्या वास्तुकाराचीच कबुली. त्याचं नाव जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. ग्लासगो विद्यापीठाची गिल्मोरहिल टेकडीवरची गॉथिक इमारत त्याची, ती १८७० मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ही रचनाही त्याचीच. राजाबाई टॉवरखालून रोज लोकल पकडायला धावणारा माणूस ग्लासगोच्या त्या टेकडीवर गेला, तर त्याला कमानी ओळखीच्या वाटतील.

गिलेस्पी ग्रॅहमने कॅथलिकांसाठी आणखीही बांधलं. एडिंबरामधलं ब्रॉटन स्ट्रीटचं सेंट मेरीज १८१४ मध्ये, म्हणजे ग्लासगोच्या आधी, उघडलं. बिशप हे यांचं चॅपल जाळलं त्याच शहरात. तेही पुढे कॅथीड्रल झालं. १८९२ मध्ये शेजारच्या थिएटरला आग लागली तेव्हा त्याचं नुकसान झालं, आतला भाग वारंवार बदलला, पण दर्शनी भिंत अजून गिलेस्पी ग्रॅहमचीच आहे. एडिंबरामध्ये १८३५ मध्ये सुरू झालेल्या सेंट मार्गारेट्स कॉन्व्हेंटचं, धर्मसुधारणेनंतरच्या स्कॉटलंडमधल्या पहिल्या कॉन्व्हेंटचं, चॅपलही त्याने बांधलं. १८५५ मध्ये तो वारला. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्याचं थडगं आहे.

सेंट अँड्र्यूजचं पुढचं आयुष्य गर्दीचं गेलं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि भुकेली माणसं हजारोंनी ग्लासगोला आली. १८७८ मध्ये रोमने स्कॉटलंडमधली बिशपांची व्यवस्था तीन शतकांनी पुन्हा उभी केली. प्यूजिनच्या मुलांच्या ‘प्यूजिन अँड प्यूजिन’ या फर्मने चर्चची मोठी दुरुस्ती केली. बापाने ज्याच्याकडून कंपास घेतला, त्याच्या इमारतीवर मुलांचा हात फिरला. १९४७ मध्ये ग्लासगोच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत पेझली आणि मदरवेल हे नवे धर्मप्रांत आले आणि विणकरांचं चॅपल पूर्ण अर्थाने कॅथीड्रल झालं.

२००९ नंतर पुन्हा मोठं काम निघालं. एप्रिल २०११ मध्ये चर्च नव्याने उघडलं, तेव्हा आत ओगिल्वीचं नवं चित्र होतं. ग्लासगोतच नाव कमावलेल्या पीटर हाउसन या चित्रकाराने फाशीच्या आधीचा ओगिल्वी रंगवला आहे. हाउसनची माणसं देखणी नसतात. ठसठशीत, राकट, थकलेली असतात. भर चौकात मारला गेलेला माणूस पुन्हा त्याच शहराच्या भिंतीवर आला आहे.

चर्चला लागून त्याच वर्षी एक बाग तयार झाली, इटालियन क्लॉइस्टर गार्डन. ती समजायला १९४० आठवावं लागतं. ग्लासगोत तेव्हा इटालियन कुटुंबांची मोठी वस्ती होती. टस्कनीतलं बार्गा, दक्षिणेकडचं पिचिनिस्को अशा गावांतून आलेली ही माणसं आइस्क्रीमची आणि तळलेल्या माशांची दुकानं चालवत. रविवारी याच चॅपलसारख्या चर्चमध्ये येत. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्या रात्री ग्लासगोत आणि एडिंबरामध्ये त्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या. पुरुषांची धरपकड झाली. त्यांच्यातल्या शेकडोंना लिव्हरपूलहून ‘अरँडोरा स्टार’ या जहाजाने कॅनडाला नेलं जात होतं. २ जुलै १९४० च्या पहाटे आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने जहाज बुडालं. ८०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली ४०० हून अधिक इटालियन. कित्येकजण स्कॉटलंडमध्येच लहानाचे मोठे झालेले होते.

बागेत उंच, आरशासारखे चकचकीत स्तंभ उभे आहेत. त्यांच्यामधून चालताना ग्लासगोचं राखाडी आकाश, चर्चची भिंत आणि चालणाऱ्याचा स्वतःचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतो. बुडालेल्यांची नावं तिथे कोरली आहेत. मध्ये एक जुनं ऑलिव्हचं झाड आहे, टस्कनीहून आणून लावलेलं. क्लाइडवरून पाऊस आला, की त्याची चंदेरी पानं उलटी होतात आणि स्तंभांमध्ये एकदम दहा-बारा झाडं हलू लागतात.